पेपरमिंट, पुदिना आणि वाफ्याचें पाणी

पोट फुगलें, मुरडा आला, अन्न पचेनासें झालें कीं पुदिन्याचा रस किंवा पेपरमिंटचा अर्क घ्यावा, असा सल्ला हल्लीं जो तो देऊं लागला आहे. पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण येथील कारखान्यांत पाळीनें काम करणाऱ्या माणसांचें जेवण वेळीं-अवेळीं होतें व पोटाच्या तक्रारी त्यांच्या पाठीस लागतात. अशा मोठ्या वस्तीच्या उशाशीं भाजीपाला पिकविणाऱ्या आमच्या सभासदांस हा सल्ला सोयीचाच वाटेल. तथापि विकणाऱ्यानें आपल्या मालाचा गुण व दोष दोन्ही ओळखले पाहिजेत, असें आमचें मत असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहीत आहों.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारांत जुडीनें मिळतो तो आपला साधा पुदिना. त्याच्या तेलांत मुख्य अंश कार्वोन या द्रव्याचा असतो. पेपरमिंट ही निराळी वनस्पती असून ती पाणपुदिना व साधा पुदिना यांच्या संकरानें झाली आहे. तिच्या तेलांत मेंथॉल भरपूर असतें. तिसरा जपानी पुदिना. उत्तर प्रदेशांत बाराबंकी, रामपूर, बदायूं या बाजूस तेलासाठीं त्याची मोठी लागवड होते व मेंथॉलचे खडे मुख्यतः त्यापासूनच निघतात. पेपरमिंट संकरज असल्यामुळें तिला रुजण्याजोगें बीं बहुधा धरत नाहीं, जमिनीलगत पसरणाऱ्या फांद्यांपासूनच तिची लागवड करावी लागते. तेव्हां पेपरमिंटचें बीं म्हणून कोणी पुडी पुढें केल्यास सभासदांनीं सावध राहावें.

पेपरमिंटचा गुण काल्पनिक नाहीं. मेंथॉलमुळें आतड्याच्या स्नायूंत होणारा कॅल्शियमचा शिरकाव कमी होतो, आवळलेला स्नायु सैल पडतो व कळ ओसरते. आतड्यांत उघड दोष नसतां वारंवार कळा येणें, पोट फुगणें व शौचाचा नेम बिघडणें या विकारास डॉक्टर आय.बी.एस. म्हणतात. त्यावर या तेलाचा उपयोग होतो असें दाखविणारा एक प्रयोग १९७९ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें प्रसिद्ध झाला. २०२१ सालीं अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या संस्थेनेंही आपल्या मार्गदर्शिकेंत तें सुचविलें, परंतु पुरावा कमी प्रतीचा आहे हेंही तेथेंच नमूद केलें. शिवाय असे प्रयोग बहुतेक आतड्यांत गेल्यावर विरघळणाऱ्या वेष्टनांतील तेलावर झालेले आहेत, पुदिन्याच्या चटणीवर नव्हेत. चटणीनें तोंडास रुचि येते हा लाभ थोडा नाहीं. पण एकाचा दाखला दुसऱ्यास जोडून जुडी विकणें सचोटीचें होणार नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ‘पोट बिघडलें’ या दोन शब्दांत आपण परस्परविरुद्ध तक्रारी कोंबतों. जो गुण आतड्याची कळ थांबवितो, तोच जठराच्या तोंडाशीं असलेली झडप सैल करतो व आम्ल वर चढतें. म्हणून रात्रपाळीवरून येऊन जेवतांच आडवें होणाऱ्या व छातींत जळजळ होणाऱ्या माणसास पेपरमिंट बाधण्याचाच संभव अधिक. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ तर मेंथॉल नेऊंच नये; त्यानें श्वास अडखळण्याचें भय असतें. जुलाब होत असल्यास जलसंजीवनी द्यावी, आणि ताप, रक्त पडणें किंवा वजन उतरणें हीं लक्षणें दिसल्यास अर्काच्या बाटलीवर विसंबून न राहतां डॉक्टरांकडे जावें.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. पुदिना बहुधा कच्चा खाल्ला जातो, म्हणून ज्या पाण्यावर तो वाढतो व ज्यांत तो धुतला जातो, तें पाणीच जणूं खाणाऱ्याच्या ताटांत येतें. पवना व इंद्रायणी या आपल्या दोन्ही नद्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नद्यांच्या यादींत आहेत. आळंदीस इंद्रायणीवर चढलेला फेस कोणीं पाहिला नाहीं? २०२५ च्या जानेवारींत पुणें परिसरांत गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ उद्भवली तेव्हां कांहीं रुग्णांच्या शौचांत कॅम्पिलोबॅक्टर जंतु सांपडले व दूषित पाण्याकडे बोट दाखविलें गेलें. पोटास आराम पडावा म्हणून घेतलेली जुडीच पोटांत रोग नेऊं लागली, तर त्या वनस्पतीचे गुण गाण्यांत काय अर्थ? वरून धुतल्यानें सारे जंतु जात नाहींत. उकळल्यानें ते मरतात, पण कारखान्याचें रसायन उकळूनही जात नाहीं.

नदी आम्हीं नासविली नाहीं, मग भुर्दंड आम्हांस कां, असें कित्येक बंधु विचारतील. प्रश्न रास्त आहे. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणें हें नगरांचें व कारखान्यांचें कर्तव्य असून, त्याविषयीं आपल्या मंडळानें तक्रार चालू ठेवलीच पाहिजे. परंतु नदी निवळेपर्यंत नाल्याचें पाणी पालेभाजीस देत राहण्याची मुभा त्यावरून मिळत नाहीं. पुदिन्यास जागा थोडी लागते. निचऱ्याच्या जमिनींत, किंचित् सावलींत, विहिरीजवळ एखादा वाफा केला तरी घरचें भागून चार जुड्या विकतां येतात. विहीर नाल्यालगत असेल तर तिच्यांतही मैला झिरपत असण्याचा संभव आहे. म्हणून मंडळानें सभासदांच्या विहिरींचें पाणी एकत्रितपणें प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. जेथें चांगलें पाणी नाहीं तेथें कच्ची खाण्याची भाजी लावूंच नये. तेलासाठीं पेपरमिंट लावण्याचा मोहही, ऊर्ध्वपातनाची भट्टी व ठरलेला खरीददार हातीं असल्याशिवाय, कोणीं धरूं नये.

चाकणच्या कांद्यानें बाजारांत नांव मिळविलें तें मालाच्या जोरावर. पुदिन्याची जुडी लहान वस्तु खरी. परंतु ती कोणत्या पाण्यावर वाढली हें गिऱ्हाइकानें विचारलें असतां आपल्या शेतकऱ्यास विहिरीकडे बोट दाखवितां यावें, एवढीच आमची इच्छा आहे.