'मदतनीस' कोणाची?

सध्या एक आकडा व्यासपीठांवरून मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. केंद्र सरकारच्या श्रमशक्ती पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. बायका घराबाहेर पडल्या, सक्षम झाल्या, असा त्याचा अर्थ लावतात. मला तो मान्य नाही.

बाहेर पडल्या त्या गेल्या कुठे, हे त्याच पाहणीत आहे. शेतीत! काम करणाऱ्या शंभर स्त्रियांमागे शेतीत ५७ होत्या, त्या ६४ झाल्या. पुरुष मात्र ४० वरून ३६ वर आले. पुरुष बांधकामाकडे, वाहतुकीकडे, दुकानाकडे सरकतो आहे आणि त्याने मागे टाकलेली शेती बाई ओढते आहे. सातबारा बहुधा त्याच्याच नावावर.

नियमित पगारावर असलेल्यांचा वाटा शंभरात २१ होता, तो १६ वर आला. (डोकी वाढली असतील, मी वाट्याबद्दल बोलते आहे.) उलट घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनमोबदला राबणाऱ्या 'मदतनीस' स्त्रिया ३२ वरून ३७ वर गेल्या. पहाटे गोठा, दिवसभर खुरपणी, आणि कागदावर मदतनीस. बचत गटाच्या बैठकीत मी 'काम काय करता?' असे विचारते, तेव्हा याच बाया म्हणतात, "काही नाही ताई, घरीच असते."

ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एकच 'कोयता'. मुकादम उचल देतो ती नवऱ्याच्या हातात, पण बाई आजारी पडून खाडा झाला तर दंड जोडीला.

काही मैत्रिणी म्हणतात, आता निदान मोजतात तरी. खरे आहे, त्यासाठी चळवळीने वर्षानुवर्षे भांडण केले. पण मोजले म्हणजे मोबदला दिला असे होत नाही. आणि सरकार स्वतः काय करते? आशा म्हणे 'स्वयंसेविका', अंगणवाडी सेविकेला 'मानधन'. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढे ठरायला २०२२ साल उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयात.

तेव्हा पुढच्या सभेत कोणी ४१.७ चा आकडा फेकला, तर उभे राहून विचारू या: यातल्या किती जणींच्या स्वतःच्या हातात पैसा पडतो?