मनगटावरचे कज्जे आणि आपला हरकतीचा हक्क

मनगटी घड्याळाने नाडीची गती आणि रक्तातील प्राणवायू कोणत्या युक्तीने मोजावा, हा प्रश्न वैद्यांच्या हातून निसटून वकिलांच्या दप्तरी जाऊन पडला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. रुग्णालयांसाठी उपकरणे बनविणारी मासिमो ही कॅलिफोर्नियातील कंपनी आणि तिच्याच प्रांतातील बलाढ्य ॲपल यांच्यात जानेवारी 2020मध्ये जुंपलेल्या कज्जात नोव्हेंबर 2025मध्ये ज्युरीने ॲपलला 63 कोटी 40 लाख डॉलर भरपाई देण्यास सांगितले; आणि गंमत अशी की, ज्या पेटंटाचा भंग झाला असे ठरले त्याची मुदत 2022 सालीच संपलेली होती. तत्पूर्वी, मासिमोच्याच दुसऱ्या फिर्यादीवरून, अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर 2023मध्ये प्राणवायू मोजणाऱ्या घड्याळांच्या आयातीस मनाई केली होती, आणि जानेवारी 2024पासून तेथे विकली जाणारी नवी घड्याळे त्या सोयीवाचूनच विकली जाऊ लागली. ॲपलनेही मासिमोच्या घड्याळाच्या घडणीविरुद्ध उलट दावा लावला होता. त्यात ऑक्टोबर 2024मध्ये डेलावेअरच्या ज्युरीने कायद्याने ठरविलेली किमान रक्कम म्हणून अडीचशे डॉलर तिच्या पदरात टाकले. तेवढ्यात वकिलाच्या एका तासाचे मोलही बहुधा चुकते झाले नसेल.

आयातबंदीतून ॲपलने जी वाट काढली ती मोठी मासलेवाईक आहे. ऑगस्ट 2025मध्ये तिने मोजणीचा अर्धा भाग घड्याळात ठेवला व हिशेबाचा भाग खिशातील फोनकडे सोपविला, आणि अमेरिकेच्या जकात खात्याने त्यास मान्यता दिली. जकातीच्या नाक्यावर काय अडते व काय सुटते यावरून कारखान्याची आणि यंत्राची रचना कशी पालटते, हे समजण्यासाठी अंबरनाथकराला अमेरिकेकडे पाहण्याचे कारण नाही. 1922 साली परदेशी आगपेट्यांवर जबर जकात बसली, तेव्हा आगपेट्या धाडणाऱ्या स्वीडिश मंडळींनी इकडेच कारखाने काढले. विम्को हा त्यांपैकीच एक; विम्को नाका हे नाव अंबरनाथच्या जिभेवर अजून आहे ते त्या जकातीच्याच पुण्याईने.

परंतु या साऱ्या भांडणात एक गोष्ट झाकोळून जाते, ती ही की, मूळ विद्या यांपैकी कोणाचीच नाही. बोटातून तांबडा व अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश सोडावेत, प्राणवायूने युक्त रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते व अवरक्त अधिक शोषते या भेदाचा उपयोग करावा, आणि धमनीतील रक्ताचा हिशेब इतर मांसत्वचेपासून वेगळा काढण्यासाठी नाडीच्या ठोक्यालाच साधन करावे, ही कल्पना निहोन कोहदेन या जपानी कंपनीतील ताकुओ आओयागी यांची. हृदयातून किती रक्त बाहेर पडते हे रंगद्रव्याच्या साह्याने मोजत असता त्यांच्या आलेखात नाडीच्या ठोक्यांचा व्यत्यय येई. तो काढून टाकता टाकता व्यत्ययातच माहिती दडली आहे हे त्यांच्या ध्यानात आले. मार्च 1974च्या अखेरीस त्यांच्या कंपनीने पेटंटाचा अर्ज केला आणि पुरता महिनाही उलटला नाही तोच मिनोल्टानेही तशाच कल्पनेवर आपला अर्ज दाखल केला. त्या पेटंटांच्या मुदती केव्हाच संपल्या. आज ज्यांवर कज्जे चालतात ते या विद्येचे फाटे होत: दिव्यांची व प्रकाशग्राहकांची मांडणी, त्वचेवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचा बाक, बॅटरी वाचविण्याची हिकमत, हात हलत असताना येणारा गोंधळ गाळण्याची गणिते.

फाट्यांवरील हक्क मान्य करू नयेत असे मी म्हणत नाही. ज्याने श्रम व पैसा ओतला त्याला वीस वर्षांची सनद मिळावी हे न्याय्यच आहे, आणि हे उल्हासनगरच्या शेजारात राहून लिहिताना मुद्दाम बजावून सांगितले पाहिजे. कारण कल्याणच्या लष्करी छावण्यांत येऊन पडलेल्या आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी उल्हासनगर हे नाव मिळालेल्या त्या विस्थापितांच्या वसाहतीने अपार कष्टांनी जो व्यापार उभा केला, त्याला ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन या विनोदाची शेपटी कायमची चिकटली आहे. नकलेचा कलंक कॅम्पातल्या गाळ्याला जन्मभर पुरतो. अमेरिकेतल्या ज्युरीने ज्याला भंग ठरविले त्याच्यासंबंधी मात्र आपण ‘बौद्धिक संपदेचा गुंतागुंतीचा वाद’ अशी अदबीची भाषा वापरतो. असो.

प्रश्न सनदेचा नसून ती कोणत्या गोष्टीस दिली गेली याचा आहे, कारण सनद चुकूनही दिली जाते. हृदयाच्या विद्युत्आलेखाच्या संदर्भात अलाइव्हकोर या कंपनीने ॲपलविरुद्ध व्यापार आयोगापुढे डिसेंबर 2022मध्ये दावा जिंकला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या पेटंट मंडळाने तीच पेटंटे मुळात देण्याजोगी नव्हती असे ठरविले, आणि मार्च 2025मध्ये वरिष्ठ न्यायालयाने मंडळाचाच निर्णय कायम केला. ॲपलपाशी अशी लढाई वर्षानुवर्षे चालविण्याइतकी थैली होती. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक क्षेत्रात किंवा बदलापुरात पंचवीस माणसे घेऊन इलेक्ट्रॉनिक उपकरणांची जुळणी करणाऱ्या एखाद्या कारखानदाराला वकिलाची पहिली नोटीस आली की तो माल उतरवून घेतो, आणि नोटिशीमागची सनद खरी की पोकळ हे कधीच तपासले जात नाही.

या बाबतीत आपल्या कायद्याची परंपरा मात्र गौरवास्पद आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959च्या अहवालावरून घडलेला 1970चा पेटंट अधिनियम औषधाच्या पदार्थावर मक्ता न देता केवळ ते तयार करण्याच्या पद्धतीवर देत असे. 2005पर्यंत चाललेल्या त्या व्यवस्थेच्या छायेतच देशातील औषधनिर्मिती वाढली, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांसाठी रसायने बनविणारे कारखाने तिचेच वाटेकरी. 2005नंतर पदार्थावरही पेटंट आले. पण कलम 3मध्ये निदानाच्या पद्धतीस व निव्वळ गणितास पेटंट नाही हे कायम राहिले, आणि कलम 25 अन्वये सनद देण्यापूर्वी ‘कोणीही इसम’ हरकत घेऊ शकतो ही तरतूदही टिकली. त्यासाठी त्या धंद्यात असण्याची अट नाही.

या तरतुदीचा उपयोग काय, हे 2023च्या मार्चात मुंबईच्या पेटंट कार्यालयात दिसले. क्षयरोगाच्या औषधांमुळे श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघी जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेडाक्विलिन या क्षयरोधक औषधाच्या लवणावरील अर्जास हरकत घेऊन 2019पासून उभ्या होत्या. तो अर्ज फेटाळला गेला, आणि मक्ता जुलै 2023च्या पुढे लांबविण्याचा बेत बारगळला. थैली नसलेल्या माणसांनी एक अर्ज लिहून जे साधले, ते अलाइव्हकोर प्रकरणात ॲपलला कित्येक वर्षांच्या वकिलीतून साधावे लागले.

प्राणवायू मोजणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत आपल्याला हरकतीच्या या दाराची विशेष गरज पडणार आहे. सप्टेंबर 2020मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत राज्यभर पथके घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरली, आणि ‘नव्वदच्या खाली गेला’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले त्या घराला ते विसरता येणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात असे दिसून आले की, ही यंत्रे कृष्णवर्णीय रुग्णांत प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेने जवळजवळ तिपटीने अधिक वेळा चुकवितात. म्हणजे आपल्या सावळ्या त्वचेसाठी गणिताची दुरुस्ती आपल्यालाच करावी लागेल; आणि त्या दुरुस्तीवर दुसऱ्या कोणी अतिव्यापक शब्दांत आधीच हक्क सांगितला असेल, तर येथल्या उद्योजकाचे पाऊल पडण्यापूर्वीच अडेल. ऊरा या फिनिश कंपनीच्या तक्रारीवरून बंगळूरच्या अल्ट्राह्युमनच्या अंगठ्या ऑक्टोबर 2025पासून अमेरिकेत नेण्यास मनाई झाली, आणि तेथे वादाचे पेटंट शरीर मोजण्याच्या विद्येवर नव्हते, तर अंगठीच्या पोटातील मांडणीवर होते.

असे असता सरकारने मार्च 2024च्या नियमदुरुस्तीने हे दार थोडे आवळून घेतले आहे. पूर्वी सनदपूर्व हरकतीस शुल्क नव्हते, आता आहे; आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे पेटंट नियंत्रक आधी ठरविणार. पेटंटाचा वापर भारतात होतो की नाही हे धारकाने कळवावयाचे विवरणपत्रही वर्षाकाठीऐवजी तीन वर्षांतून एकदा पुरेसे झाले. खोट्या हरकतींनी अर्ज रेंगाळतात ही तक्रार अगदीच निराधार नाही. परंतु नवोद्योगांना व लघुउद्योगांना अर्जाचे शुल्क माफक ठेवण्याचे औदार्य ज्या सरकारने दाखविले, त्याने हरकत घेणाऱ्या व्यक्तीला व लघुउद्योगाला शुल्क पूर्णपणे माफ करावे, आणि नियंत्रकाने हरकत ग्राह्य की अग्राह्य हे ठरविण्यास मुदत घालून, नकार दिल्यास लेखी कारणे देणे बंधनकारक करावे. दर शुक्रवारी प्रसिद्ध होणारे पेटंटाचे राजपत्र अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारांच्या संघटनांनी एका माणसाकडून नियमाने वाचवून घ्यावे, आणि नाडी व प्राणवायू यांसंबंधीचे अर्ज बाजूला काढून उल्हासनगरच्या महाविद्यालयांतील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांपुढे ठेवावेत. आओयागींच्या 1974च्या कल्पनेलाच नवे कपडे चढविलेला अर्ज ओळखण्यास पदवीच्या वर्गातले ज्ञान पुष्कळदा पुरे पडते.