पडदा, प्रतिष्ठा आणि मौन

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांच्या स्मृतिदिनी आणि जयंतीला तेथे फुले वाहिली जातात, जुन्या चित्रपटांची नावे आदराने उच्चारली जातात आणि मंडळी पांगली की चहाच्या टपरीवर दुसऱ्याच गप्पा सुरू होतात. अमुक नट म्हणे 'तसा' होता, तमुक नटीचे आपल्या मैत्रिणीशी निराळेच नाते होते, त्यांची लग्ने केवळ दाखविण्यापुरती होती! चित्रपटाच्या सुवर्णकाळातील नटनट्यांच्या लपविलेल्या लैंगिकतेविषयीचे हे कुतूहल अलीकडे जगभर वाढले आहे. परदेशांत त्यावर ग्रंथ निघतात, येथे कुजबुज चालते. या कुजबुजीकडे तुच्छतेने पाठ फिरविणे सोपे आहे. पण कोल्हापूरने या देशाला चित्रपट दिला, तेव्हा त्या पडद्याआड काय दडविले गेले आणि ते कोणासाठी, याचा विचारही कोल्हापुरातच व्हावा हे योग्य होय.

प्रारंभीच एक पथ्य सांगितले पाहिजे. ज्यांनी स्वतः कधी काही सांगितले नाही आणि जे आता खुलासा करावयास हयात नाहीत, त्यांच्या नावांची यादी करणे हा पुरोगामीपणा नव्हे. ज्या कुजबुजीच्या धाकाने ती माणसे आयुष्यभर गप्प राहिली असतील, तीच कुजबुज त्यांच्या मरणानंतर चालू ठेवण्यासारखे ते आहे. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. कोण 'तसे' होते यापेक्षा लपविणे भाग का पडले, लपविण्याचा नफा कोणाच्या तिजोरीत गेला आणि किंमत कोणी मोजली, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर अफवांत शोधावे लागत नाही. नोंदलेल्या इतिहासात ते आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम तेच आणि सीताही तेच! १९२० साली पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 'सैरंध्री'त गुलाबबाई आणि अनुसूयाबाई या स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर उभे केले. पण त्यांची नावे बदलली गेली. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या, समाजाने मात्र त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्याच आवारात आसरा घ्यावा लागला. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात तयार झाला, तेव्हा तारामती होत्या दुर्गाबाई खोटे. सुखवस्तू, सुशिक्षित घरातील स्त्री पडद्यावर आली म्हणून केवढा गहजब झाला!

एकाच तारामतीची ही तीन पावले पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पुरुषाने लुगडे नेसून पतिव्रता वठविली तर समाजाला ते सात्त्विक वाटे आणि खऱ्या स्त्रीने तीच पतिव्रता साकारली तर ती भ्रष्ट ठरे. समाजाची नजर वेषावर नव्हती, वर्तनावरही नव्हती. ती होती प्रतिष्ठेवर. जे सोयीचे ते पाहावयाचे आणि गैरसोयीचे झाकावयाचे, हा पडद्याचा नियम पडदा जन्माला येण्यापूर्वीच ठरून गेला होता.

रंगभूमीचाही अनुभव हाच. बालगंधर्वांच्या लुगडे नेसण्याची, अंबाड्याची, चालण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त 'मानापमाना'त कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या खेळात एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाशी केलेला शृंगार महाराष्ट्राने डोक्यावर घेतला आणि त्यात कोणालाही वावगे दिसले नाही. स्त्रीपार्ट करणारा नट समलिंगी असलाच पाहिजे, ही समजूत अर्थातच अडाणीपणाची आहे. पण त्याच बालगंधर्वांनी आयुष्याच्या उत्तरार्धात गोहरबाई कर्नाटकी या मुसलमान गायिकेशी नाते जोडले, तेव्हा तोच महाराष्ट्र किती कडवट झाला! रंगमंचावरचा शृंगार चालतो, आयुष्यातले प्रेम मात्र जात, धर्म आणि लिंग तपासूनच झाले पाहिजे, असा हा दंडक. 'ज्वार भाटा'तून १९४४ साली पडद्यावर आलेल्या यूसुफ खान यांना दिलीपकुमार व्हावे लागले तेही याच बाजारात. लैंगिकता हा लपविण्याच्या अनेक गोष्टींपैकी एक भाग होता, सर्वांत खोल दडविलेला.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न येतो. चित्रपटकंपनीचे खरे भांडवल कॅमेरा आणि फिल्म नव्हे, नटाचा चेहरा आणि त्या चेहऱ्याभोवती प्रेक्षकांच्या मनात उभी केलेली मूर्ती हे होय. यंत्र बिघडले तर दुरुस्त होते, मूर्तीला तडा गेला तर गुंतवणूक बुडते. म्हणून करार केवळ श्रमाचा राहत नाही, तो माणसाच्या अवघ्या आयुष्याचा होतो. प्रभात पुण्याला गेल्यानंतर १९३९ साली शांता आपटे यांनी कराराच्या जाचाविरुद्ध स्टुडिओच्या दारात उपोषण केले आणि पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्याची दुसरी बाजू मांडली. कामगारचळवळीच्या इतिहासात या उपोषणाला अद्याप योग्य ती जागा मिळालेली नाही. हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन. घरच्या कमाईसाठी त्या लहान वयात पडद्यावर आल्या. लग्नानंतर संसार करावा, सिनेमा सोडावा, ही त्यांची इच्छा कमाईपुढे टिकली नाही. 'संत सखू' म्हणून ज्या स्त्रीला प्रेक्षकांनी हात जोडले, तिचे खरे जीवन 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन १९७० साली प्रसिद्ध होईपर्यंत दडलेले होते. स्त्रीपुरुषसंबंधांविषयी बोलावयास जेथे एवढा काळ लागला, तेथे समलिंगी प्रेमाविषयी कोण तोंड उघडणार?

अमेरिकेत हा व्यवहार कागदावर आला, म्हणून तो स्पष्ट दिसतो. १९२१ पासून तेथील करारांत नीतिमत्तेचे कलम घातले जाऊ लागले. १९३० साली निर्मात्यांची आचारसंहिता आली आणि १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी झाली. समलिंगी संबंधांचा सूचक उल्लेखही पडद्यावर निषिद्ध ठरला. त्या काळी विल्यम हेन्स हा लोकप्रियतेच्या शिखरावरील नट होता. जिमी शील्ड्स या आपल्या जोडीदाराला सोडून दिखाऊ लग्न कर, असा मालकाचा आग्रह त्याने मानला नाही. त्याची नटाची कारकीर्द संपली. त्याने घरे सजविण्याचा व्यवसाय उभारला आणि १९७३ साली मृत्यू येईपर्यंत तो शील्ड्सबरोबरच राहिला. रॉक हडसन याने दुसरा मार्ग पत्करला. १९५५ साली त्याने आपल्या एजंटाच्या कचेरीतील एका तरुणीशी लग्न केले. ते तीन वर्षांत मोडले. हडसनची मूर्ती मात्र तीस वर्षे अभंग राहिली, आणि १९८५ साली एड्सने मृत्युशय्येवर असताना जगाला त्याच्याविषयी कळले. एकाने धंदा गमावला, दुसऱ्याने आयुष्य वेषांतरात काढले. कंपन्यांचा ताळेबंद दोन्ही वेळा सुरक्षित राहिला.

भारतात असे कलम लिहावे लागले नाही. १८६० च्या दंडविधानातील ३७७ वे कलम होते आणि त्याहून बळकट असे कुटुंब होते. वयात आलेल्या मुलाचे लग्न लावून दिले की सर्व शंका मिटतात, अशी येथील रीत. या रीतीत जिची फसवणूक होते त्या पत्नीचा विचार कोणी करीत नाही. दिखाऊ लग्नाची सर्वांत मोठी किंमत त्या स्त्रीने मोजलेली असते. तिला नवरा मिळतो, सहचर मिळत नाही, आणि दोष तिच्याच पदरी येतो. म्हणूनच हा प्रश्न स्त्रीमुक्तीच्या चळवळीचाही आहे. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आणून स्त्रीच्या स्त्रीवरील प्रेमाला मराठीत वाचा फोडली. पुढच्याच वर्षी डॉ. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमाच्या भिंतींआड हा विषय येऊन गेला. परंतु मराठी पडद्याच्या वैभवाच्या काळात त्याची सावलीही पडलेली नाही.

महाराष्ट्राला या विषयावर बोलता येत नव्हते असे मात्र नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्या प्रश्नांत समलिंगी आकर्षणाचाही प्रश्न होता. जिज्ञासेला ज्ञानाने उत्तर द्यावयाचे की शिक्षेने, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होय. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. समतेच्या लढ्याचे अग्रणी आपल्या कामाच्या रगाड्यातून वेळ काढून असा खटला चालवितात, याचा अर्थ आजच्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यावयास हवा.

कारण डाव्या आणि समाजवादी वर्तुळांत आजही एक आक्षेप ऐकू येतो. आधी भाकरीचा प्रश्न, हे श्रीमंतांचे चोचले नंतर! आक्षेप प्रामाणिक आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. लपविण्याची ऐपत नटाजवळ असते. त्याला बंगला आहे, मोटार आहे, प्रसिद्धीखाते आहे. इचलकरंजीच्या यंत्रमागावरील तरुणाला सहाजणांत एक खोली असते. गावात बभ्रा झाला तर त्याचे काम जाते, खोली जाते आणि घरही तुटते. यल्लम्माच्या नावाने ज्याला लुगडे नेसविले जाते, त्या गरीब जोगत्याला तर लपण्याची मुभाच नाही. त्याचे सारे आयुष्य चव्हाट्यावर. राजीव पाटील यांच्या 'जोगवा'ने २००९ साली ते पडद्यावर आणले तेव्हा प्रेक्षक हेलावले, चित्रपट संपल्यावर परडी घेऊन दारी आलेल्या जोगत्याला मात्र पूर्वीसारखेच हाकलले गेले. मौनाचा भार वर्गावर्गांत सारखा वाटला जात नाही. भाकरी आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी गरिबाच्या आयुष्यात वेगळ्या काढता येत नाहीत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा जोडप्यांना विवाहाचा हक्क नाकारून विषय कायदेमंडळाकडे सोपविला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने एकत्र बँकखात्याला अडसर नसल्याचे स्पष्ट केले, पण वारसा, दत्तक, निवृत्तिवेतन हे प्रश्न तसेच आहेत. कायदेमंडळाने काय करावे, हे कोल्हापूरला नव्याने शिकविण्याची गरज नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ ते १९१९ या अवघ्या काही वर्षांत विधवाविवाहाला आणि आंतरजातीय विवाहाला आपल्या संस्थानात कायद्याचा आधार दिला. लोकमत तयार होईपर्यंत थांबू, असे ते म्हणाले नाहीत.

लोकमत घडविण्याचे काम मात्र कार्यकर्त्यांचे आहे, आणि त्याची सुरुवात घरापासून व्हावयास हवी. शाखेच्या बैठकीत 'तसल्या' माणसांवर होणारे विनोद बंद झाले पाहिजेत. मुलाला मनाविरुद्ध बोहल्यावर उभे करणाऱ्या आईबापांना, ते चळवळीतील असले तरी, परखडपणे सांगितले पाहिजे. युनियनच्या कचेरीत असा एखादा तरुण आपली अडचण घेऊन आला, तर ती वेतनाच्या तक्रारीइतक्याच गांभीर्याने नोंदली गेली पाहिजे.

खरी कॉर्नरच्या स्तंभावर फुले अवश्य वाहावीत. त्या कॅमेऱ्याने पुष्कळ काही दाखविले. परंतु त्याच्यासमोर उभी राहिलेली जी माणसे नाव बदलून, प्रेम दडवून, खोट्या संसारात झिजून गेली, त्यांची नावे आज कळणार नाहीत आणि ती उकरण्याचे कारणही नाही. त्यांच्यासारखेच जगणे ज्यांच्या वाट्याला आज आले आहे, ती माणसे मात्र याच शहरात, याच गिरण्यांत आणि याच चळवळीत आहेत.