दादांचे डॉक्टर कोण?

मंडळी, महिनाभर इथे काही लिहिलं नाही. फोन करून चौकशी करणाऱ्यांना माहीतच आहे, आमचे थोरले बंधू (वय ८१) न्यूमोनिया होऊन जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात अकरा दिवस होते. मुक्ताईनगरहून भुसावळमार्गे मी रोज डबा घेऊन जायचो. न्यूमोनिया बरा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे.

अकरा दिवसांत आठ डॉक्टर येऊन गेले. मी वहीत लिहून ठेवलंय (हजेरी घ्यायची जुनी खोड!). सगळे हुशार, सगळे घाईत. आणि प्रत्येकजण पहिल्यापासून विचारणार, "बाबा, काय होतंय?" दादांना ऐकू कमी येतं. ते नुसते हसायचे. झाली तपासणी.

आता पुढचं ऐका. रक्तदाबाची एक गोळी दादांना सोसत नाही, पाय सुजतात. आमच्या गावच्या डॉक्टरांनी ती सहा वर्षांपूर्वीच बंद केली होती. इथे दुसऱ्या दिवशी एकांनी तीच सुरू केली. पाय सुजल्यावर दुसऱ्यांनी सूज उतरायला लघवीची गोळी दिली. त्यानं रक्तातलं सोडियम उतरलं आणि दादा बरळू लागले, रात्रभर आईला हाका मारत होते. आई जाऊन चाळीस वर्षं झाली. तिसरे म्हणाले, "वय झालं की होतं असं."

न राहवून मी गावच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्यांची नावं वाचायला लावली आणि दोन मिनिटांत धागा सापडला. सकाळी राऊंडला मी तो सांगितला, दोन्ही गोळ्या थांबल्या, सोडियमवर उपचार झाले, दादा माणसात आले. हा फोन पहिल्या दिवशी दवाखान्यानं का नाही केला?

"काका, फाइलमध्ये सगळं असतं," असं मला ऐकवलं गेलं. असेल. पण फाइल वाचून ते ध्यानात ठेवायला कुणीतरी एक माणूस लागतो ना! एकाच डॉक्टरनं चोवीस तास उभं राहावं असं मी म्हणत नाही, त्यांनाही घरदार आहे. शाळेत विषयाला आठ शिक्षक असतात, पण वर्गशिक्षक एकच. पोरगं चार दिवस आलं नाही तर उत्तर त्यानं द्यायचं. म्हाताऱ्या रुग्णाला असा वर्गशिक्षक का नको?

ही माझी एकट्याची कुरकुर नाही. 2018 साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी निरनिराळ्या देशांतले 22 अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या 18 अभ्यासांत, ज्यांना तोच डॉक्टर पुन्हा पुन्हा भेटतो त्यांच्यात मृत्यू कमी आढळले. आपल्याकडे 2024 पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड मिळू लागलं. चांगलंच झालं. पण कार्डानं खाट मिळते. त्या खाटेची जबाबदारी कुणा एका नावावर असावी, ही अट कोण घालणार?

दादा आता घरी आहेत, वरणभात जेवतात. डिस्चार्ज कार्डावरची सही मला वाचता आली नाही (चाळीस वर्षं पोरांची अक्षरं वाचली, तरीही!). येत्या मंगळवारी दाखवायला बोलावलंय. कुणाला दाखवायचं, ते मात्र लिहिलेलं नाही.