देशी नियतकालिक दुय्यम कोणी ठरवले?

चांगले संशोधन परदेशी नियतकालिकांतच छापून येते, आणि आपल्या देशातल्या भौतिकशास्त्र संस्थांची नियतकालिके म्हणजे तिकडून साभार परत आलेल्या लेखांची सोय, असे मत आपल्या विद्वानांत सर्रास ऐकू येते. ते मला साफ अमान्य आहे. जपानचा इतिहासच ते खोटे ठरवतो.

टोकियोत १८७७ मध्ये गणितज्ञांची संस्था निघाली, १८८४ मध्ये तिच्या नावात भौतिकशास्त्र आले. पुढे ती देशव्यापी झाली आणि १९४६ मध्ये तिच्यातूनच जपानची स्वतंत्र फिजिकल सोसायटी निघाली. या जुन्या संस्थेच्या कार्यवृत्तात भौतिकशास्त्रज्ञ हिदेकी युकावांनी १९३५ मध्ये मेसॉन या नव्या कणाची कल्पना मांडली. विरोधक लगेच म्हणतील, तो लेख दोन वर्षे कुणी वाचलाच नाही. खरे आहे, पाश्चात्त्यांनी दखल घेतली ती १९३७ मध्ये वैश्विक किरणांत नवा कण सापडल्यावर. पण ज्या ‘नेचर’ या परदेशी नियतकालिकाचे दाखले दिले जातात, त्यानेही युकावांचे मेसॉनवरचे टिपण नाकारलेच होते. छापण्याची हिंमत घरच्या संस्थेने दाखवली. १९४९ चे नोबेल याच कामाला मिळाले.

पराभूत देशात कागदाचीही चणचण असताना युकावांनी १९४६ मध्ये क्योटोहून ‘प्रोग्रेस ऑफ थिऑरेटिकल फिजिक्स’ सुरू केले, आणि तेही इंग्रजीत. त्याचे पहिले अंक १९४८ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांच्याकडे पोहोचले. कागद तपकिरी, निकृष्ट. पण त्यात जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोमोनागांचा लेख होता. प्रकाश आणि इलेक्ट्रॉन यांच्या परस्परक्रियेचा जो सिद्धांत श्विंगर अमेरिकेत मांडत होते, त्याचा पाया तोमोनागांनी युद्धकाळात, जगापासून तुटलेले असताना घातला होता. बेथे यांच्याकडे शिकणाऱ्या फ्रीमन डायसन यांनी तो लेख वाचला आणि जगापुढे आणला. १९६५ चे नोबेल श्विंगर आणि फाइनमन यांच्याबरोबर तोमोनागांनाही मिळाले. याच नियतकालिकात १९७३ मध्ये कोबायाशी व मास्कावा यांचा सहा पानांचा लेख आला. क्वार्क या मूलकणांचे तीनच प्रकार माहीत असताना त्यांनी सहा क्वार्कांची मांडणी केली. सहावा सापडला १९९५ मध्ये, नोबेल मिळाले २००८ मध्ये.

‘जपानची गोष्ट वेगळी’ हा शेवटचा बचाव. मग रामन यांचे काय? ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ कलकत्त्याहून १९२६ मध्ये निघाले आणि नव्या प्रारणावरचा, म्हणजे रामन परिणामावरचा, सविस्तर लेख रामन यांनी १९२८ मध्ये त्यालाच दिला. ‘नेचर’लाही त्यांनी टिपण पाठवले होते, पण म्हणून घरच्या नियतकालिकाच्या वाट्याला उरलेसुरले आले नाही.

नियतकालिकाची पत त्यात लिहिणारे वाढवतात. आपले उत्तम ते बाहेर पाठवायचे आणि मग ‘प्रमाण’सारख्या भारतीय भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाला दर्जा नाही म्हणायचे, हा अन्याय आहे. निवड समित्यांनी नियतकालिकाच्या नावावरून गुण देणे थांबवावे. उमेदवाराचा लेख उघडून वाचावा.