पाणीवाली बाई आणि आपला वॉर्ड

मंडळी, आमच्या हापिसात 'नगरसेवक' म्हटलं की लोक नाक मुरडतात. नगरसेवक म्हणजे चौकातल्या फ्लेक्सवरचा वाढदिवस, बस्स! चर्चा करायची तर थेट दिल्लीची. मला हे साफ नामंजूर आहे.

मृणाल गोरे हे नाव किती जणांना आठवतं? गोरेगावकरांना त्यांच्या नावाचा उड्डाणपूल तरी माहीत असेल. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत आलेली ही बाई १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेली. प्रश्न कुठला धरला? नळाचा! पाण्यासाठी त्या इतक्या भांडल्या की लोकांनी नावच ठेवलं, 'पाणीवाली बाई'.

१९७२ साली त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्याबरोबर त्यांनी महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी केली. एरवी एकमेकांशी वाद घालणारे समाजवादी आणि कम्युनिस्ट एकाच मोर्चात, आणि बायकांच्या हातात लाटणी! मग आणीबाणीत तुरुंग, १९७७ ला लोकसभा. पुढे विधानसभेत परत येऊन गर्भलिंगनिदानाविरुद्ध आवाज उठवला. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली.

आता सांगा, हे सगळं नळाला सोडून झालं का? माझ्या मते नळामुळेच झालं. कोणत्या टेबलावर फाईल अडते आणि ती हलवायला किती माणसं लागतात, हे वॉर्डात कळतं. ज्याने प्रॉडक्शनमधले बग निस्तरलेत त्यानेच आर्किटेक्चरवर बोलावं, असं आपण मानतो ना? मग राजकारणातच उलटा न्याय का?

"अरे, तेव्हाची माणसं वेगळी होती, आता सगळे चोर," हे ठरलेलं उत्तर. बरं, माणसांचं राहू द्या, आपलं काय? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाहीत, सगळा कारभार प्रशासकाकडे! आपल्यापैकी कितीजण चिडले? आयपीएलच्या लिलावावरून याहून जास्त भांडणं झाली असतील.

चांगले नेते आभाळातून पडत नाहीत हो. मृणालताईंच्या मागे लाटणी घेतलेल्या बायका होत्या, म्हणून मंत्रालयाला त्यांचं ऐकावं लागलं. आपण मागे उभेच राहणार नसू तर "सगळे चोर" म्हणण्याचा हक्क तरी कुठून आणायचा?

असो. गूगल न करता तुमच्या नगरसेवकाचं नाव सांगा बघू!