किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला?

कोह्सुके कावागुची यांना सहकाऱ्यांची बोलणी खाण्याचा कंटाळा आला होता. साल २००४, कंपनी सन मायक्रोसिस्टिम्स. त्यांनी नवा कोड सगळ्यांच्या साठ्यात टाकला, की कधीतरी काहीतरी बिघडायचे, बाकीच्यांचे काम अडायचे आणि ‘बिल्ड कोणी मोडला?’ अशी हाकाटी सुरू व्हायची. आपली चूक दुसऱ्याच्या नजरेस पडण्याआधी आपल्याला कळावी, एवढ्याचसाठी त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नवा कोड आला की त्याने तो जुळवून बघायचा, चाचण्या चालवायच्या आणि बिनसले असेल तर गुपचूप सांगायचे. त्याचे नाव ठेवले हडसन. पुढे सन कंपनी ओरॅकलने घेतली, नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये हडसनचा जेन्किन्स झाला. दोन्ही नावे इंग्रजी वाड्यातल्या बटलरला शोभणारी. जेन्किन्सच्या बोधचिन्हात आजही लाल बो लावलेला, हातावर टॉवेल टाकलेला बटलर उभा आहे.

वीस वर्षांत या गड्याचा कारभार फार वाढला. पूर्वी तो नुसता निरोप द्यायचा. आता सॉफ्टवेअर बांधतो, तपासतो, गठ्ठा करतो आणि थेट ग्राहकाच्या सर्व्हरवर नेऊन ठेवतो. हिंजवडीत किंवा खराडीत काम करणारी मुले याला ‘पाइपलाइन’ म्हणतात. गिटहब या कंपनीने ही सोय ‘अ‍ॅक्शन्स’ या नावाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुली केली. कोडच्या शेजारीच एक मजकुराची फाइल ठेवायची, तिच्यात कामाच्या पायऱ्या लिहायच्या, की पुढचे सगळे आपोआप.

या लेखाचा विषय मात्र त्या फाइलच्या पलीकडचा, पाइपलाइनला बाहेरून हाक मारणाऱ्या एपीआयचा आहे. एपीआय म्हणजे प्रोग्रामसाठी उघडलेली खिडकी. माणूस पडद्यावरचे बटण दाबतो. प्रोग्राम त्याच कामासाठी ठरलेल्या वेब-पत्त्यावर ठरलेल्या साच्यात विनंती पाठवतो. गिटहबच्या या खिडकीतून काम सुरू करता येते, चालू असलेले थांबवता येते, फसलेले पुन्हा चालवता येते, त्याची नोंदवही म्हणजे ‘लॉग’ उतरवून घेता येते. नोंदवही पुसूनही टाकता येते. हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याकडे परत यायचे आहे.

खिडकीवर माणसाचा चेहरा दिसत नाही. तिथे चालते ते ‘टोकन’, म्हणजे अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. टोकन दाखवणाऱ्याला साधारणपणे तासाला ५,००० विनंत्या करता येतात, न दाखवणाऱ्याला ६०. टोकन ज्याच्या हाती, तो खिडकीच्या दृष्टीने मालक. तो खरा मालक आहे, त्याचा सहायक प्रोग्राम आहे की चोर आहे, हे खिडकीला कळण्याचा मार्ग फारसा नाही.

म्हणून मग ‘यंत्राच्या हाती इतके सोपवू नये, जुने तेच बरे’ असे म्हणावे काय? मुळीच नाही. जुने काय होते, ते न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी दिसले.

नाइट कॅपिटल ही तेव्हा अमेरिकेतली शेअर व्यवहारांची मोठी पेढी. तिच्या ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेचा नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. हे काम हाताने झाले. तंत्रज्ञाने सातांवर चढवला, आठवा राहून गेला. दुसऱ्या कोणी ते तपासले नाही आणि तपासलेच पाहिजे असा लेखी नियमही पेढीत नव्हता. आठव्या सर्व्हरवर कित्येक वर्षे वापरात नसलेला एक जुना भाग झोपून होता. नव्या कोडच्या खुणेने नेमका तोच जागा झाला. ग्राहकांच्या २१२ लहान ऑर्डर पुऱ्या करताना यंत्रणेने बाजारात लाखो ऑर्डर सोडल्या. पाऊण तासात १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि सुमारे ३९.७ कोटी शेअरची उलाढाल झाली. पेढी ४६ कोटी डॉलरहून अधिक रकमेला बुडाली. घाबरलेल्या मंडळींनी मध्येच उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा, बरोबर असलेला कोड काढून टाकला, तेव्हा बिघाड आठही ठिकाणी पसरला. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने त्या चुकीचा उल्लेख असलेले ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना आपोआप पाठवले होते. कोणी त्यांची दखल घेतली नाही. आयोगाने २०१३ मध्ये १.२ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. तोपर्यंत पेढी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

आठ सर्व्हरवर सारखेच काम सारख्याच पद्धतीने करणे आणि एक जरी सुटला तर सगळे थांबवणे हे यंत्राचे काम आहे. माणूस यात कंटाळतो, चहाला उठतो, सातपर्यंत मोजून आठ समजतो. तेव्हा गडी ठेवण्याला विरोध करण्यात अर्थ नाही. प्रश्न त्याच्याकडे दिलेल्या किल्ल्यांचा आहे, आणि इथे सॉफ्टवेअर उद्योगाचा निष्काळजीपणा थक्क करणारा आहे.

मार्च २०२५ मधली गोष्ट घ्या. पाइपलाइन लिहिणारे सगळे काही स्वतः लिहीत नाहीत. बाजारातून तयार मसाला आणावा तसे इतरांनी लिहिलेले तयार तुकडे वापरतात. ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ या नावाने मिळणारा असाच एक तुकडा होता. कोणत्या फाइली बदलल्या एवढेच तो सांगायचा आणि २३,००० हून अधिक प्रकल्पांत तो वापरला जात होता. त्या तुकड्याची देखभाल करणाऱ्या स्वयंचलित खात्याचे टोकन हल्लेखोरांच्या हाती लागले. त्यांनी नवी आवृत्ती काढलीच नाही. जुन्या आवृत्त्यांवरची लेबले काढून विषारी कोडला चिकटवली. बरणी तीच, लेबल तेच, आतला माल वेगळा. मग ज्या ज्या पाइपलाइनने तो तुकडा मागवला, तिच्याजवळच्या गुप्त किल्ल्या तिच्याच नोंदवहीत छापल्या जाऊ लागल्या. ज्यांचे प्रकल्प सार्वजनिक, त्यांच्या नोंदवह्याही सार्वजनिक. जगात कोणीही उघडून वाचाव्यात.

तपास करणारे मागे मागे जात राहिले, तेव्हा साखळी निघाली. या तुकड्याआधी दुसरा एक तुकडा फोडला होता आणि त्याच्याही आधी तिसऱ्याच प्रकल्पातल्या एका देखभालकर्त्याचे टोकन उचलले होते. ते टोकन डिसेंबर २०२४ मध्ये चोरीला गेले आणि मार्चमध्ये वापरले गेले. तीन महिने! घराची किल्ली हरवली तर आपण दुसऱ्या दिवशी कुलूप बदलतो. इथे किल्ली हरवल्याचेच कळले नाही आणि मधल्या काळात ती आपोआप निकामीही झाली नाही.

हा एकटा प्रसंग असता तर दुर्दैव म्हणून सोडून देता आला असता. पण ४ जानेवारी २०२३ रोजी सर्कलसीआय या पाइपलाइन चालवणाऱ्या कंपनीला आपल्या सगळ्या ग्राहकांना सांगावे लागले, की आमच्याकडे ठेवलेल्या तुमच्या सगळ्या किल्ल्या बदला. एका अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये घातक प्रोग्राम शिरला होता. त्याने दुहेरी पडताळणी पार केलेल्या लॉगिनची खूणच पळवली. चोराला पासवर्ड लागला नाही की मोबाइलवरचा ओटीपी.

दोन्ही ठिकाणी आपोआप चालणारी कामे चोख चालली. गड्याने सांगितलेले काम सांगितल्याप्रमाणे केले. फक्त सांगणारा दुसराच होता.

मग उपाय म्हणून सांगितले जाते, की शेवटच्या पायरीवर माणूस बसवा. गिटहबमध्ये तशी सोय आहे. ‘हे प्रत्यक्ष वापरात जाण्यापूर्वी अमुक जणांपैकी एकाने मान्यता द्यावी’ असा नियम लावता येतो आणि मान्यता मिळेपर्यंत काम खोळंबून राहते. हे चांगलेच आहे. पण ती मान्यताही एपीआयमधून देता येते! म्हणजे साहेबांच्या टोकनने एखाद्या प्रोग्रामने सही ठोकली, तर कागदोपत्री साहेबांनी पाहिले असेच दिसणार. आपल्याकडच्या कचेऱ्यांत रबरी शिक्का शिपायाच्या खणात राहतो, त्याची ही वेब आवृत्ती. सोय म्हणून ठेवलेली ही फट कोणत्याही गंभीर यंत्रणेने बंद ठेवली पाहिजे. मान्यता देणाऱ्याचे टोकन पाइपलाइनच्या आसपास फिरकता कामा नये, आणि ज्याने काम सुरू केले त्यानेच मान्यता देऊ नये. दुसऱ्या नियमाची कळ गिटहबमध्ये आहे. ती लावायची की नाही हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

आता कोड लिहिणारे एआय सहायकही या खिडकीवर रांगेत उभे आहेत, म्हणून हा मुद्दा अधिक टोकदार होतो. मे २०२५ मध्ये गिटहबने स्वतःचा असा सहायक आणला, तेव्हा त्याने लिहिलेल्या कोडवर पाइपलाइन चालण्यापूर्वी माणसाने मान्यता द्यावी, अशी मूळ मांडणी ठेवली. घाईत असलेल्यांना ती जाच वाटेल. ती तशीच राहावी.

या एपीआयचे काही स्वभाव मात्र गमतीचे आहेत. काम सुरू करण्याची विनंती पाठवली, की कित्येक वर्षे नुसते ‘२०४’ असे उत्तर यायचे. अर्थ एवढाच, की निरोप पोचला. कोणते काम सुरू झाले, त्याचा क्रमांक काय, काही नाही. लाँड्रीत कपडे टाकावेत आणि पावती मिळू नये, तसे. मग प्रोग्रामर दर काही सेकंदांनी ‘झाले का, झाले का’ विचारत बसायचे आणि तासाच्या ५,००० विनंत्यांतून त्या वजा व्हायच्या. वेळापत्रकाचे तेच. त्याचा मूळ हिशेब यूटीसी या जागतिक वेळेचा, त्यामुळे ‘रात्री बारा’ लिहून झोपी गेलेल्या पुणेकराचे काम पहाटे साडेपाचला सुरू होते. शिवाय तासाच्या ठोक्याला गर्दी असते, काम उशिरा सुरू होऊ शकते, असे कंपनीच सांगते. ठोक्याऐवजी आडनिड्या मिनिटाला काम लावणारा शहाणा.

पण नोंदवहीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही आणि तो थेट भारताशी जोडलेला आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा आणि सगळ्या माहिती-तंत्रज्ञान यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपा, असे त्यात आहे. गिटहबच्या पाइपलाइनचे लॉग ठेवण्याची मूळ मुदत ९० दिवस आहे. खासगी प्रकल्पांत ती वाढवता येते. पण वाढवणार कोण? आणि वाढवली तरी पुरेसा अधिकार असलेले टोकन ते लॉग एका विनंतीसरशी पुसू शकते. ज्या टोकनने चोरी करायची, त्याच टोकनने पंचनामाही फाडायचा, अशी ही व्यवस्था. वर सांगितलेल्या साखळीत चोरी आणि वापर यांत तीन महिन्यांचे अंतर होते. ९० दिवसांची नोंदवही अशा वेळी नेमकी संपत आलेली असते.

लॉग तयार होताच त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या किल्लीखाली गेली पाहिजे. हे काम त्याच एपीआयने विनासायास होते. राज्य सरकार, महापालिका, सहकारी बँका सॉफ्टवेअर विकत घेतात, तेव्हा निविदेत सर्व्हर किती आणि हमी किती वर्षांची हे विचारले जाते. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात सोडण्याचा अधिकार किती टोकनांना आहे, ती किती काळ जिवंत राहतात, त्यांच्या वापराची नोंद कुठे राहते, हेही तिथे विचारावे. काही मिनिटांत आपोआप विरणारी टोकने देण्याची सोय गिटहबमध्ये २०२१ पासून आहे. कायमस्वरूपी टोकन अजूनही वापरात असेल, तर पुरवठादाराने त्याचे कारण लेखी द्यावे. सातबारा किंवा जन्मदाखला देणारी यंत्रणा बिघडली तर भुर्दंड नागरिकाच्या माथी येतो. ‘आमचे अंतर्गत तंत्र’ म्हणून पुरवठादाराने झाकून ठेवावी अशी ही बाब नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे, की इतके सगळे बघायला माणसे कुठून आणायची. ३१ जानेवारी २०२१ पासून कोडकॉव्ह या कंपनीचा एक छोटा प्रोग्राम अनेक पाइपलाइनमधल्या किल्ल्या गुपचूप बाहेर पाठवत होता. हल्लेखोराने त्यात फेरफार केला होता आणि जगभरच्या कंपन्या तो रोज उतरवून चालवत होत्या. दोन महिने ना कंपनीच्या लक्षात आले, ना त्या सगळ्यांच्या. मग एका ग्राहकाने, उतरवलेल्या फाइलचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी अक्षरा-आकड्यांची खूण, आणि कंपनीने गिटहबवर जाहीर केलेला ठसा शेजारी ठेवून पाहिले. ते जुळत नव्हते. त्याने कंपनीला कळवले. तारीख होती १ एप्रिल.